रोग वेगळा, कारण वेगळं

मेश्राम सिस्टरचं ठाम मत होतं की पुस्तकातली माणसं मरताना फार बोलतात.

"चौतीस वर्षं वार्डात काढले मी," त्या म्हणायच्या. "एकही माणूस असा भाषण देऊन गेला नाई. कोणी पाणी मांगते, कोणी इचारते गाय बांधली का, कोणी नर्सलेच शिव्या देते. अन् हा पाहा, छातीत भाला घुसला तरी दीड पान बोलूनच राह्यला. एवढी हवा आणली कुठून यानं?"

मग वाचणाऱ्याला थांबावं लागायचं. वाचणारा म्हणजे बहुतेक वेळा मीच. त्या भालेवाल्या सरदाराचं दीड पान आम्ही त्या दिवशी सोडून दिलं. सिस्टरनी परवानगी दिली ती फक्त शेवटच्या वाक्याला, कारण त्यात त्याने घोड्याला पाणी पाजायला सांगितलं होतं. "हे खरं वाटते," त्या म्हणाल्या.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, आमच्या मोहल्ल्यात सिस्टरचं दोन खोल्यांचं घर होतं. सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण जमायचो आणि जुनी मराठी पुस्तकं मोठ्याने वाचायचो. आमच्याकडे मराठीची गत चपलेसारखी आहे. घरात-अंगणात चालते, बाजारात निघालं की हिंदी घालावी लागते. मुलं तर हिंदीतच शिकली, हिंदीतच भांडतात. त्यामुळे एका निवृत्त हेडमास्तरांच्या मागे त्यांच्या घरच्यांनी तीन पोती मराठी पुस्तकं रद्दीत काढली, तेव्हा गावात कोणाला हळहळ वाटली नाही. सिस्टर भाजी आणायला निघाल्या होत्या. त्यांनी हातगाडी अडवली आणि भाजीऐवजी तीन पोती घेऊन घरी आल्या. निम्म्या पुस्तकांचे पुठ्ठे गेलेले, काहींची पहिली पानं वाळवीने खाल्लेली. कितीतरी कादंबऱ्यांची नावं आम्हाला कधी कळलीच नाहीत.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या पुस्तकांची पानं मोठी करून काढायचं काम माझ्याकडे होतं, कारण आमच्या मंडळीत सगळ्यात तरुण मी, आणि मलाही बावन्नावं चालू होतं. सिस्टर मला झेरॉक्सच म्हणायच्या. आईबापांनी बऱ्यापैकी विचार करून ठेवलेलं एक नाव मला आहे, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही.

त्यांची एक जाड वही होती. वार्डातल्या रजिस्टरासारख्या पट्टीने उभ्या रेषा मारलेल्या. पुस्तकात कोणी मेलं की त्याची त्यात नोंद व्हायची: नाव, वय (अंदाजे), रोग आणि कारण. रोग वेगळा आणि कारण वेगळं, यावर सिस्टरचा फार कटाक्ष. विहिरीत जीव दिलेल्या एका तरुण विधवेपुढे लिहिलं होतं, 'रोग: पाण्यात बुडून. कारण: सासऱ्याने दार उघडलं नाही.' एका किल्लेदारापुढे, 'रोग: तलवारीचा वार. कारण: शब्द दिला होता. द्यायचा नव्हता.' एका सावकारापुढे मात्र, 'रोग: म्हातारपण. कारण: तेच.' या सावकाराचं त्यांना कौतुक वाटायचं. साडेतीनशे पानं सगळ्यांना छळून माणूस झोपेत गेला, हे त्यांच्या मते त्या लेखकाने केलेलं सर्वांत प्रामाणिक काम होतं.

ती वही चाळताना मला एकदा जाणवलं की रोग दहा-बाराच आहेत, तेच ते फिरून येतात. कारणं मात्र प्रत्येकाची निराळी. कोणी वेळेवर नाही म्हणालं नाही, कोणी हो म्हणालं नाही, कोणी बघून न बघितल्यासारखं केलं. मी हे सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग? पुस्तक काहून लिहिते लोकं? रोग सांगाले डाक्टर आहे नं."

एका प्रकारच्या माणसांना मात्र त्या वहीत घेत नसत. आयुष्यभर वाईट वागून शेवटच्या पानावर सुधारणारी माणसं. मरण दिसल्यावर हात जोडणारी, खरं बोलणारी, माफी मागणारी. "हे मी धरत नाई," त्या म्हणायच्या. "तीस वर्षं तोंड होतं नं याले? मरण समोर आलं का कोणीही चांगला होते. भेवानं होते." आमच्यातल्या एका काकूंना अशी पश्चात्तापाची पानं आवडायची, त्या डोळ्याला पदर लावायच्या. सिस्टर रडायला मनाई करत नसत. फक्त रडण्याचा आवाज वाचणाऱ्याच्या वर जाता कामा नये, एवढाच नियम.

आता रहांगडाले काका आमच्यात कसे आले ते सांगतो.

आमच्याकडे ज्या घरात मयत होते तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे लोक जेवण नेऊन देतात, भात आणि चून, म्हणजे पिठलं. नेताना बोलत नाहीत, रामराम करत नाहीत, भांडं ठेवून खाली बघत बसतात आणि निघताना 'येतो' म्हणत नाहीत. सिस्टरनी हीच रीत पुस्तकातल्या माणसांना लावली. एखादं भलं माणूस मेलं की पुढच्या रविवारी प्रत्येकाने डबा आणायचा. "मेला तं मेला म्हणून पान पलटवून पुढं जाता येत नाई," त्या म्हणायच्या. "आठ-आठ रविवार सोबत राह्यला तो आपल्या." आधी आम्ही हसलो. पण एकदा डबा घेऊन गुपचूप बसल्यावर हसू येईना, हेही खरं.

एका कादंबरीतला नावाडी असाच गेला. पुरात अडकलेल्या लोकांना आणायला पाचव्यांदा नाव घातली आणि परतला नाही. सगळे नको म्हणत असताना त्याने ती घातली होती. त्याच्या रविवारी आम्ही झाकलेले डबे घेऊन, माना खाली घालून एकेक करून सिस्टरच्या दारातून आत गेलो. समोरच्या घरात राहणाऱ्या रहांगडाले काकांनी ते पाहिलं. आयुष्यभर लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलमध्ये फिटर होते ते, आणि बायको गेल्यावर नुकतेच मुलाकडे, हेमंतकडे, राहायला आले होते. त्यांना वाटलं, सिस्टरकडे मयत झाली. सुनेकडून त्यांनी घाईघाईने डब्यात चून भरून घेतलं, डोक्यावरची टोपी काढली आणि येऊन दाराशी बसले.

अर्धा तास गेला. मग ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कोण गेलं जी?"

"नावाडी."

"कोणाचा?"

"पुस्तकातला."

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस डबा उचलून जाणार आणि मोहल्लाभर आमची शोभा करणार. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "कशानं गेला?"

मी पुराचं सांगितलं, पाचव्या फेरीचं सांगितलं.

"मंग बसतो," काका म्हणाले. "माणूस चांगला होता." त्या दिवसापासून दोन वर्षं त्यांचा एकही रविवार चुकला नाही. सिस्टर त्यांना आमच्यासमोर उदाहरण म्हणून दाखवायच्या: पुस्तक न वाचता शोक करायला आलेला एकमेव माणूस.

मागच्या दिवाळीनंतर काकांचं पोट दुखायला लागलं. हेमंत त्यांना नागपूरला दाखवून आला. रिपोर्टची झेरॉक्स काढायला तो माझ्याच दुकानात आला, आणि नको म्हटलं तरी छापलेलं डोळ्यांत शिरतंच. त्या संध्याकाळी तो कागद घेऊन सिस्टरकडे गेला. सिस्टरनी मला फोन करून बोलावलं होतं, कारण त्यांच्या मते अशा बोलण्याला साक्षीदार असलेला बरा.

"सिस्टर, बाबूजी को कुछ नहीं बताना है," हेमंत म्हणाला. "हमने अल्सर बोला है. मालूम पड़ गया तो वो दो दिन में टूट जाएँगे."

पोरगा वाईट नव्हता. बापावर त्याचा जीव होता. सिस्टरनी रिपोर्ट दोनदा वाचले आणि नीट घडी करून परत दिले.

"मी आपल्या होऊन सांगत नाई," त्या म्हणाल्या. "पण त्यायनं मले इचारलं तं मी खोटं बोलत नाई. तुले हे चालत नसन तं त्यायले माह्याकडं येऊ देऊ नको."

हेमंतने तेही करून पाहिलं. दोन रविवार काका आले नाहीत. तिसऱ्या रविवारी काठी टेकत, मधे एकदा रस्त्यात थांबून, ते आले आणि आपल्या नेहमीच्या जागी दाराशी बसले.

त्या दिवशी आमचं एक पुठ्ठा गेलेलं पुस्तक चाललं होतं. एका जुन्या संस्थानाची गोष्ट. दिवाणाच्या पुतण्याने खजिन्यात चोरी केली होती आणि दिवाणाने गप्प बसून खजिनदाराला त्यापायी देशोधडीला लावलं होतं. आता दिवाण म्हातारा झालेला. वैद्याने सांगितलं की अमावास्येपर्यंत दिवस आहेत. दिवाण उठून बसतो आणि म्हणतो, पालखी आणा, खजिनदाराच्या गावी जायचं आहे.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "याले मी धरत नाई."

"काहून जी?" दाराशी बसलेले काका म्हणाले. ते चर्चेत फारसे बोलत नसत, म्हणून सगळे तिकडे वळले.

"भेवानं निंगाला तो. मरण दिसलं म्हणून."

"पण वैद्यानं सांगितलं म्हणून तं निंगाला. नसतं सांगितलं तं?"

"तं नसता निंगाला."

"मंग मले सांगा," काका म्हणाले. "मले अल्सर नाई नं?"

सिस्टरनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला आठवतं, त्यांनी मान फिरवली नाही की आवाज हळू केला नाही.

"नाई," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"उन्हाळा निंगन का, ते नाई सांगता येत. पण पावसाची आशा धरू नका."

काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. बऱ्याच दिवसांनी कोणी सरळ बोललं की माणूस जसा सैल बसतो, तसे ते भिंतीला टेकून बसले. "बस," ते म्हणाले. "मले एक काम आहे. वेळ किती आहे ते समजलं पाह्यजे होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वाचा नं जी. पालखी कुठवर गेली?" मला वाचता आलं नाही.

बाकीचे गेल्यावर त्यांनी ते काम आम्हा दोघांना सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यावरची जाळी त्यांनी दुरुस्तीसाठी काढली आणि परत लावायची विसरले. सकाळी एका मजुराची दोन बोटं पट्ट्यात गेली. मालकाने विचारलं, जाळी कोणी काढली? काका गप्प बसले. त्यांचं लग्न ठरलं होतं. मशीन यादोराव नावाचा गडी चालवत होता, सगळं त्याच्यावर आलं आणि त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. पुढे कोणत्याच मिलने त्याला उभं केलं नाही.

"जिता आहे तो," काका म्हणाले. "लालबर्ऱ्याच्या बाजूले खेड्यात राह्यते. मी त्याच्या गावावरून कितीदा गेलो. उतरलो नाई."

मला वाटलं, सिस्टर आता म्हणतील, हे मी धरत नाही. त्या बराच वेळ वहीच्या कोऱ्या पानावर बोट फिरवत बसल्या. मग मला म्हणाल्या, "झेरॉक्स, तुह्या गाडीचं काम झालं का? गुरुवारी पाह्यजे."

हेमंतचा संताप व्हायचा तो झाला. दुकानात येऊन तो मला बोलला, सिस्टरना तर दारात उभं राहून बोलला. "आपने अच्छा नहीं किया," हेच तीन-चार वेळा. आणि या हालतीत बाबूजींना कुठेही न्यायचं नाही, हे शेवटी. सिस्टर म्हणाल्या, "बरी हालत होती तेव्हा नाई गेले ना बेटा ते. आता या हालतीतच जाचं आहे." त्यानंतर हेमंत त्यांच्याशी बोलायचा बंद झाला. पण गुरुवारी सकाळी काकांना गाडीत बसवताना त्यानेच त्यांच्या पाठीशी उशी ठेवली.

यादोराव अंगणात दोर वळत बसला होता. काकांनी बसायला नकार दिला. काठीवर उभं राहून त्यांनी जाळीचं सगळं सांगितलं, मधे काही सोडलं नाही, फक्त लग्न ठरलं होतं ते सांगितलं नाही. म्हणजे आपली बाजू तेवढी सोडली. यादोरावचे हात दोरावर थांबले होते. त्याने घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "शांता, बाहेर ये." मग तो काकांकडे वळला. "तू सांग हिले," तो म्हणाला. "मले नोको सांगू. मले तं माहीत आहे का जाळी मी नाई काढली. हिनं नाई मानलं."

काकांनी त्या बाईंपुढे सगळं पुन्हा सांगितलं. त्या ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी ते लुगड्याला पुसले. मग म्हणाल्या, "मी या माणसाले चाळीस वर्षं चारा कापाच्या कुट्टी मशीनले हात लावू नाई देल्ला. म्हटलं, हा पुन्हा कोणाचा हात तोडन. पोरं लहान होते तेव्हा यायच्याजवळ एकटे नाई सोडले."

यादोरावने दोर खाली ठेवला. "आता लावू देशीन का?" त्याने विचारलं.

शांताबाईंना आधी हसू फुटलं आणि मग त्यांनी तोंडावर पदर घेतला. चहा झाला. माफ केलं असं शेवटपर्यंत कोणी म्हणालं नाही, पण निघताना यादोराव काकांच्या दंडाला धरून त्यांना गाडीपर्यंत घेऊन आला.

परतताना काका मागे झोपले होते. सिस्टर पुढे माझ्या शेजारी. वारासिवनीच्या फाट्याशी त्या माझ्याकडे वळल्या.

"मी चुकली, झेरॉक्स."

"कुठं?"

"शेवटच्या पानाबद्दल. मी समजत होती का शेवटचं पान म्हणजे झालं पुस्तक. शेवटचं पान तं फक्त मरणाऱ्याचं असते. त्या बाईचं अजून किती पुस्तक राह्यलं आहे, पाह्यलं नं तू." घरी गेल्यावर त्यांनी वहीत न घेतलेली सगळी मंडळी आठवून आठवून आत घेतली. सात-आठ जण निघाले. एवढ्या खुशीने स्वतःची चूक दुरुस्त करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता सिस्टर गोंदियाला मुलीकडे असतात. फोन करून विचारतात, मंडळी कोणतं पुस्तक वाचून राह्यली, कोण मेलं. त्या ठणठणीत आहेत. पण त्यांची आठवण आली की मला चैत्रातली एक दुपार दिसते.

काका अंथरुणाला खिळल्यावर रविवारचं वाचन आम्ही त्यांच्या घरी नेलं होतं. हेमंतने मनाई केली नाही, आम्ही आलो की तो आतल्या खोलीत जायचा. त्या दिवशी दिवाणाच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण होतं. काका डोळे मिटून ऐकत होते, सिस्टर खाटेला लागून बसल्या होत्या, त्यांचं मनगट हातात धरून. वाचता वाचता माझा घसा बसला. मी खोकलो, पाणी प्यालो, पुन्हा खोकलो. आतून हेमंत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लाइए. मैं पढ़ता हूँ."

मराठी त्याने शाळेत कधी वाचली नव्हती. प्रत्येक ओळीत अडखळत होता, लांब शब्दाला थांबून मागे जात होता, शाळेत उभं करून वाचायला लावलेल्या पोरासारखं बोट ठेवून वाचत होता. काकांच्या ओठांच्या कडेला थोडं हसू होतं, ते मी पाहिलं.

एक पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर सिस्टरची बोटं काकांच्या मनगटावर सरकली, दाबून थांबली, पुन्हा सरकली. त्यांनी घड्याळात बघितलं आणि मग माझ्याकडे. मला कळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

हेमंत वाचत होता. जी बाई त्या घरातल्या कोणाशी कधी खोटं बोलली नव्हती, तिने ते मनगट तसंच हातात धरून ठेवलं आणि खाली बघून ऐकत राहिली. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अर्धं पान वाचायला त्याला पाच मिनिटं तरी लागली असतील.

पान संपलं. हेमंतने मान वर केली. "आगे पढ़ूँ?"

सिस्टरनी काकांचा हात हळूच चादरीवर ठेवला.

"बस बेटा," त्या म्हणाल्या. "तुहा आवाज ऐकत ऐकत गेले."